थोरली, धाकटी आणि सातवं काडतूस

नव्या पिस्तुलाचं मॅगझिन भरायला अंगठा लागतो, मिशा लागत नाहीत. एवढी साधी गोष्ट एका फौजदाराला पटवून देण्यात हिवाळ्यातला माझा जवळजवळ अख्खा महिना गेला.

तेव्हा मी पाथर्डीच्या पलीकडे, नगर जिल्ह्याच्या पार पूर्व टोकाच्या एका गावात दवाखाना चालवत होते. नगरच्या एका मिशन संस्थेचा तो दवाखाना. डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे, तेही मोटार चालू असली तर. बाकी दिवस नर्स मी आणि औषधं ढवळायला एक म्हातारे कंपौंडर. स्वातंत्र्य मिळून काही महिने झाले होते, पण ते आमच्या गावच्या ओढ्यापर्यंत येऊन थांबलं होतं. ओढा ओलांडून थोडं चाललं की निजामाची हद्द. चोर इकडे यायचे, वस्त्या लुटायचे आणि पलीकडे जायचे. आमच्या पोलिसांना हद्द ओलांडता येत नसे. चोरांना येत असे.

आसपासच्या वस्त्यांवर लागोपाठ दरोडे पडले तेव्हा नगरहून संस्थेच्या मोठ्या बाईंचं पत्र आलं. एकट्या बाईमाणसाला सरहद्दीवर ठेवण्याची जबाबदारी संस्था घेऊ शकत नाही, दवाखान्याला कुलूप लावून परत यावे. मी उलट टपाली कळवलं की संस्थेने जबाबदारी घेऊ नये, ती मी घेते. मला फक्त पिस्तुलाचा परवाना मिळावा म्हणून जिल्हा कचेरीत दोन शब्द टाकावेत. सरहद्दीच्या गावांना तेव्हा परवाने देत होते. मोठ्या बाईंनी लिहिलं, सेवा करणाऱ्या हाताला शस्त्र शोभत नाही. मी लिहिलं, या हातात रोज कात्री असते, तिला कुणी नावं ठेवत नाही.

हट्टाला कारण होतं. गावात एक सुईण होती. सगळं गाव तिला आजी म्हणायचं आणि ती सगळ्या गावाला अरे-तुरे करायची. मी आले तेव्हा तिने माझ्याशी उभं वैर धरलं होतं. ‘ही बाई लोखंड उकळती, अन् त्यात मीठबी घालीत न्हाई,’ असं ती माझ्या हत्यारांबद्दल बायकांना सांगत असे आणि बायका पदरात तोंड घालून हसत. पण तिच्या सुनेचं पहिलं मूल तिच्याच हातून गेलं होतं. आडवं होतं. दुसऱ्या खेपेला दिवस गेले तेव्हा आजी भर उन्हातून दवाखान्यात आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, “ह्या खेपेला तू धर. माजा हात नगं.” एवढंच. बसलीसुद्धा नाही.

मी हो म्हटलं. पुढे तपासलं तर हेही मूल आडवंच. बाहेरून हात लावून मी ते वळवायची आणि आठवड्याने पाहावं तर पुन्हा आडवं. ती सून बैलगाडीतून नगरपर्यंत नेण्यासारखी नव्हती. तिचे दिवस भरेपर्यंत मला तिथे असणं भाग होतं. दवाखान्याला कुलूप लावण्याची कारणं मोठी असतील, पण मी हो म्हणून बसले होते.

परवाना मंजूर झाला. पिस्तूल माझ्या वडिलांनी पुण्याच्या ओळखीच्या दुकानातून निवडलं. बाबा भिंगारला छावणीतल्या कारखान्यात मिस्त्री होते, सगळा जन्म साहेबांच्या बंदुका दुरुस्त करण्यात गेलेला. पिस्तूल लहान, बत्तीस बोअरचं, कोरं करकरीत. त्याच्यासोबत दोन मॅगझिनं, प्रत्येकात सात काडतुसं मावणारी. हे सगळं ठाण्यावर आलं आणि तिथून फौजदार ते स्वतः घेऊन आमच्या ओट्यावर आले. टांग्यातून उतरताना ते असे उतरले की जणू मला अटकच करायची आहे.

“बाई, हे खेळणं तुम्हाला कशाला?”

“चोरांशी खेळायला.”

“चोर पळून जातील असं वाटतं होय तुम्हाला?”

“तुम्ही आल्यावर पळत नाहीत, म्हणून तर मागितलं.”

कंपौंडर खोकले. ते हसू आलं की खोकत. फौजदारांनी टेबलावर पिस्तूल ठेवलं, काडतुसांचा डबा ठेवला आणि एक मॅगझिन माझ्यासमोर सरकवलं. “भरा.”

ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मॅगझिन म्हणजे पत्र्याची चपटी डबी. आत स्प्रिंग असते, वरच्या तोंडाच्या कडा दोन्ही बाजूंनी किंचित आत वळलेल्या. वरून एकेक काडतूस दाबून आत बसवायचं. पहिली दोन-तीन कुणीही भरतं. पुढे प्रत्येक काडतुसाबरोबर स्प्रिंग जास्त अडून बसते. नव्या मॅगझिनची तर विचारूच नका. माझी पाच गेली. सहाव्याला मी सगळा जोर लावला, काडतूस उडून कंपौंडरांच्या धोतरात पडलं आणि माझ्या अंगठ्याची कातडी त्या वळलेल्या कडेत सापडली. रक्त आलं.

“हातात बांगड्या नाहीत,” फौजदार म्हणाले, “पण हात बाईचाच.”

“तुम्ही भरून दाखवा, साहेब. मी शिकते.”

“मला कुठे परवाना हवाय?”

आणि मग त्यांनी निकाल दिला. पिस्तूल, काडतुसं आणि परवाना ठाण्यात राहील. पुढच्या महिन्याच्या पहिल्या बाजाराला ते पुन्हा येतील. सातही भरून दाखवली तर परवाना माझ्या हातात, आणि तसं ते संस्थेला कळवतील. नाही तर संस्थेचं पत्र त्यांनाही आलेलंच आहे. “मग याच टांग्यात तुमचं सामान घालून मोटारीपर्यंत पोचवतो. बांधून ठेवा म्हणजे मला थांबायला नको.” जाता जाता दोन्ही मॅगझिनं टेबलावरच टाकली. “ह्या डब्या राहू द्या. पोरांना खुळखुळे करा.”

मी सामान बांधलं नाही. अंगठ्याला आयोडीन लावलं आणि बाबांना लिहिलं.

बाबा स्वतःच आले. डब्यात घालून त्यांनी सात खोटी काडतुसं आणली होती, आत दारू नसलेली, वजनाला मात्र खऱ्यासारखी. ओट्यावर मांडी घालून बसले, दोन्ही मॅगझिनं उलटीपालटी करून पाहिली, अंगठ्याने दाबली, आणि म्हणाले, “कोरी आहेत. आपल्याकडं साहेब लोकसुद्धा नव्या पिस्तुलाला शिव्या द्यायचे. आम्ही आधी भरून भरून त्यांच्या स्प्रिंगा वळणावर आणायचो, मग साहेबांच्या हातात द्यायचो. साहेब म्हणायचा, बघ, किती सहज भरतो मी!”

“म्हणजे मला नाही येत असं नाही.”

“तुला काय येत नाही हे तुझ्या आईला कधी समजलं नाही, मला काय समजणार? भर, रिकामं कर, पुन्हा भर. रात्रभर भरलेलं राहू दे. स्प्रिंगेला दम लागतो, पोरी, दमदाटी लागत नाही. आणि मधूनमधून तेलाचं एक बोट फिरव.”

ते शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मोटारीत बसताना ते आम्हा ख्रिस्ती माणसांच्या रीतीने, नेहमीप्रमाणे मोठ्याने “सलाम” म्हणाले, मोटारीतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं, आणि गेले.

दुसऱ्या दिवसापासून मी भरायला लागले. रोगी तपासून झाले की ओट्यावर बसायचं, मांडीवर फडकं, फडक्यावर काडतुसं. सकाळी चूल पेटेपर्यंत, दुपारी सुया उकळेपर्यंत. दोन मॅगझिनं दिसायला सारखी, पण स्वभाव वेगळे. एक लवकर ऐकायला लागलं. दुसरं जाम हट्टी. कंपौंडरांनीच त्यांना थोरली आणि धाकटी अशी नावं ठेवली, घरातल्या दोन जावांसारखी. “आज धाकटी काय म्हणते?” ते सकाळी आल्या आल्या विचारत. धाकटी काही म्हणत नसे. पाच घ्यायची आणि तोंड मिटायची.

बायका औषधाला आल्या की बघत बसत. आजी एकदा कंबरेवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली.

“काय भरतीस गं?”

“काडतुसं, आजी. खोटी.”

“कशापायी?”

मी फौजदाराची गोष्ट सांगितली. आजीने ओट्यावरून खाली पचकन पिंक टाकली. “भरायचं त्यो शिकवतोय व्हय तुला? आमी बाया जल्मभर दुसरं करतो काय? पाणी भरा, ओटी भरा, बांगड्या भरा, नवऱ्याचं प्वाट भरा. ह्यातलं एक तरी काम त्या मुडद्याला येतं का इचार.”

“विचारीन.”

“इचारच. माज्या म्होरं इचार.”

माझा अंगठा मात्र ऐकेना. नखाखाली काळं पडलं. थोरलीचं सहावं कधी जायचं, कधी नाही. मी बोटाला पट्टी गुंडाळली, तर पट्टीमुळे काडतूस निसटायला लागलं. लाकडाचा तुकडा वापरून पाहिला, पण फौजदारासमोर लाकूड घेऊन बसले असते तर त्यांनी त्यावरच सगळा बाजार हसवला असता. जोर कमी पडत नव्हता. पोहऱ्याने पाणी ओढणारा, अडलेली बाई सावरणारा माझा हात होता तो. कुठे तरी चुकत होतं आणि कुठे ते समजत नव्हतं.

ते समजलं सुनेच्या नवव्या महिन्यातल्या ओटीभरणाला. आजीने मला आग्रहाने बोलावलं होतं. कासार आला होता, हिरव्या बांगड्यांची माळ खांद्यावर. सुनेचे हात सुजलेले, तिच्या मापाची बांगडी मनगटापर्यंत जाईना. तिच्या जावेने मध्येच लुडबुड करून एक बांगडी वरून दाबली. ती फुटली. अशा वेळी बांगडी फुटणं काही चांगलं मानत नाहीत. कासाराने तुकडे उचलले, “वाढवली, काय न्हाई,” म्हणाला आणि सुनेचा हात आपल्या हातात घेतला. अंगठ्याच्या मागचं हाड आपल्या अंगठ्याने आत दाबलं, बांगडीची खालची कड आधी सरकवली, वरची मागून. “निसतं वरून रेटलं तर जात न्हाई, वहिनी. दाबायचं अन् दाबल्या जागीच मागं सारायचं. दोन्ही एकदम.” बांगडी सळकन मनगटावर उतरली.

“तू बी भर की चार,” आजी मला म्हणाली. “भुंडं हात बरं न्हाई दिसत.”

“कामात फुटतात, आजी.” पण माझं लक्ष कासाराच्या अंगठ्याकडे होतं. मी काडतूस नुसतं खाली दाबत होते. ते आत उतरेपर्यंत थांबायची आणि मग मागे सारायची, तोवर स्प्रिंग त्याला परत वर ढकलायची. दाबणं आणि सारणं ही मी दोन कामं समजत होते. ते एकच काम होतं.

ओटीभरणाचं जेवण मी घाईने उरकलं. पुरणपोळी टाकून उठणारी बाई गावाने पहिल्यांदाच पाहिली असेल. घरी येऊन नव्या काडतुसाच्या बुडाने आधीचं काडतूस दाबलं आणि तसंच दाबत मागे सारलं. सहावं गेलं. थोरलीचं सातवंही गेलं. धाकटीचं सहावं गेलं, सातव्याला ती पुन्हा रुसली. पण सहा म्हणजे सहा. मी सातही काढून पुन्हा थोरलीत भरली, दोन्ही खिडकीत ठेवल्या आणि झोपले.

मग पुढचे काही दिवस मी त्यांना हात लावू शकले नाही. दूरच्या एका वस्तीवर बाळंतिणीला ताप चढला होता, तिथेच राहावं लागलं. बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी परत आले. खिडकीतली थोरली उचलली आणि वरचं काडतूस बाहेर काढायला गेले, तर ते निघेना. कसंबसं निघालं तर खालचं वर येईना. स्प्रिंग जागच्या जागी बसलेली. धाकटी तर नुसती दगड. हाताला काहीतरी चिकट लागलं. पिवळसर.

“कंपौंडर!”

ते आतून आले, हात पुसत, आनंदी चेहऱ्याने. “बघितलंत होय? मीच केलं. तुम्ही नव्हता ना, म्हटलं मिस्त्रीबाबा सांगून गेलेत तेलाचं बोट फिरवा. बोटाने काय होतंय! दोन्ही चांगल्या पूर्ण बुडवल्या, आणि उन्हात ठेवल्या मुरायला.”

“कुठलं तेल?”

त्यांना प्रश्नच कळला नाही. “कुठलं म्हणजे? तेल!”

आमच्या त्या भागात तेल म्हणजे करडीचं. शेतं करडीची, घाणे करडीचे. भाजीला तेच, दिव्याला तेच, दाराच्या बिजागरीला आणि गाडीच्या चाकालाही वेळेला तेच. तेल या शब्दाला दुसरा अर्थ असतो हे तिथे कुणाच्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं. आणि भिंगारच्या कारखान्यात आयुष्य गेलेल्या बाबांच्या दृष्टीने तेल म्हणजे यंत्राचं तेल, ते कुठलं हे सांगावं लागतं असं त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं. चूक कुणाची म्हणणार? कंपौंडरांचा चेहरा मात्र पडला.

“बाई, मी बिघडवलं का?”

“अजून नाही. पाणी ठेवा उकळायला.”

रडून स्प्रिंग सुटत नाही. मी उभी राहून विचार केला. करडीच्या तेलाची ही खोड कुठल्या बाईला माहीत नाही? तळणीच्या कढईच्या कडेला राहिलेल्या तेलाने दोन उन्हं खाल्ली की ते लाखेसारखं बसतं, बोटाने निघत नाही. आणि ते कशाने निघतं हेही माहीत असतं. मी स्टोव्हमधलं रॉकेल वाटीत काढलं. तेव्हा रॉकेल मिळायची मारामार, कंपौंडर “अहो, उद्या स्टोव्ह…” म्हणाले, मी म्हटलं उद्या इथे मीच नसले तर स्टोव्ह कुणासाठी. दोन्ही डब्या रॉकेलमध्ये बुडवल्या, कोंबडीच्या पिसाने आत फिरवलं, काडीने स्प्रिंग खालीवर केली. पिवळी साय निघू लागली. मग ज्या भांड्यात मी कात्र्या-चिमटे उकळायची त्यातच सोड्याच्या पाण्यात उकळल्या. मीठ नाही घातलं. कोरड्या फडक्याने पुसून निखाऱ्यांच्या शेजारी ठेवल्या, म्हणजे आतलं पाणी जाईल. मग शिवणाच्या यंत्राच्या कुपीतलं तेल. एक बोट. एकच.

थोरली पूर्वीसारखी झाली, उलट जरा जास्तच शहाणी. धाकटी मोकळी झाली, पण सातवं तिने त्या संध्याकाळी घेतलं नाही. अंगठा पुरता सोलवटला होता. म्हटलं, दोन आहेत, एक चालली तरी पुरे. फौजदाराने सात म्हटलंय, चौदा नाही.

बाजाराच्या दिवशी फौजदार आले. टांगा दवाखान्याच्या दारात उभा केला, मागची बसायची जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली. बाजाराला आलेली माणसं ओट्याभोवती जमली. कंपौंडरांनी टेबल बाहेर आणून ठेवलं, त्यावर पांढरी चादर घातली, जणू शस्त्रक्रिया आहे. फौजदारांनी पिस्तूल, काडतुसांचा डबा आणि परवाना काढून त्यावर मांडला.

“सामान बांधलंय का, बाई?”

“नाही.”

“मग थांबावं लागेल मला.”

“थांबा की. चहा टाकायला सांगते.”

त्यांनी टेबलावरच्या दोन्ही डब्या पाहिल्या. मी थोरली पुढे ठेवली होती, धाकटी मागे. पोलिसाचं डोकं. त्यांनी हात लांब करून मागची उचलली. “ही भरा.”

कंपौंडर खोकले नाहीत. त्यांनी डोळेच मिटले.

मी ‘ती नको, ही’ म्हणू शकले असते. पण जे म्हटलं असतं ते माझ्या तोंडावर आयुष्यभर राहिलं असतं. मी धाकटी डाव्या मुठीत धरली आणि माझी खोटी काडतुसं भरायला लागले. एक, दोन, तीन असं गर्दीतलं कुणी तरी मोठ्याने मोजायला लागलं. पाचव्यानंतर आवाज बारीक झाला. सहावं गेलं, तेव्हा फौजदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. सातवं मी उचललं आणि तोंडाशी टेकवलं, तेवढ्यात बाजाराच्या बाजूने आरडाओरडा करत आजी आली. लुगड्याचा काष्टा खोचलेला, डोक्यावर पदर नाही. गर्दी दोन्ही हातांनी बाजूला सारत ती थेट टेबलाशी आली आणि ओरडली,

“दिवस भरले!”

फौजदार खुर्चीतून अर्धे उठले. “कुणाचे?”

“माज्या सुनंचे! तुजे भरले असते तर मी कशाला पळत आले असते रं?”

सगळा बाजार हसला. मी हसले नाही. “पाणी गेलं का?” “न्हाई. कळा लागल्यात. लागोपाठ येतात.” मला पुढचं काही ऐकायचं नव्हतं. पाणी जायच्या आत पोचले तर मूल वळवता येईल, नाही तर पहिल्यासारखं. माझ्या हातात धाकटी होती आणि ती खाली ठेवायला जेवढा वेळ लागला असता तेवढ्याच वेळात मी सातवं दाबलं आणि दाबल्या जागीच मागे सारलं. कड वाजली. गेलं.

जोर किती लावला ते मला आठवत नाही. लक्ष तिथे नव्हतं म्हणूनही असेल.

“घ्या,” मी धाकटी फौजदारांपुढे ठेवली. “मोजा. आणि टांगा मला लागणार आहे.”

“अहो, पण चालवून दाखवायचं… नुसतं भरता आलं म्हणजे…”

“भरा म्हणाला होतात, भरली. चालवून दाखवायची तर कुणावर दाखवू? इथं समोर तुम्हीच आहात.”

आजी मध्ये पडली. “आरं, तुला पाणी तरी भरता येतं का? आधी त्ये सांग.”

मी आत जाऊन कोपरापर्यंत हात कार्बोलिक साबणाने घासले, कारण बंदुकीच्या तेलाचा हात घेऊन बाळंतिणीजवळ जायचं नसतं. पिशवी तयारच असायची. बाहेर आले तोवर आजी टांग्यात मागच्या मोकळ्या जागेवर जाऊन बसलीही होती, आणि टांगेवाला फौजदारांच्या तोंडाकडे पाहत होता. आजीने त्याच्या पाठीत गुद्दा घातला. “त्याच्याकडं काय बगतूस? तुला बी कुणी तरी सुईणीनंच वडलाय. हाक!”

टांगा निघाला. मागे वळून पाहिलं नाही.

मूल आडवं नव्हतं. मागच्या वेळी वळवलं होतं तिथेच राहिलं होतं, डोकं खाली. वळवायला काही उरलंच नव्हतं, फक्त धरायचं होतं. दिवेलागणीच्या आधी मुलगी झाली, ठणठणीत, आणि आईपेक्षा मोठा आवाज. आजीने तिला उलटंपालटं करून पाहिलं, कुठे काही उणं सापडतंय का म्हणून, आणि मग सुनेच्या हिरव्या बांगड्यांकडे पाहत म्हणाली, “एक फुटली हुती, पर बाकीच्या टिकल्या.” दुसऱ्या दिवसापासून तिने स्वतःची कात्री उकळायला माझ्याकडे आणून टाकायला सुरुवात केली. वर विचारायची, “मीठ न्हाई लागत नक्की?”

दुसऱ्या सकाळी मी परतले तेव्हा कंपौंडर ओट्यावरच्या टेबलाची चादर घडी करत होते. टेबलावर पिस्तूल होतं, परवाना होता, त्यावर फौजदारांची सही आणि त्यांच्या हस्ताक्षरात एक ओळ, शस्त्र हाताळण्यास योग्य. शेजारी धाकटी, भरलेली. आणि थोरली. थोरलीत पाच काडतुसं होती, दोन बाहेर.

“ही कुणी भरली?” मी विचारलं. धाकटीतली खोटी काडतुसं कुणी काढली नव्हती. ही पाच फौजदारांच्या डब्यातली होती.

कंपौंडर खोकले. चांगले बराच वेळ खोकले. “टांगा नव्हता ना. साहेब बसून होते. मग म्हणाले, आण बघू ती दुसरी. बाजार उठेपर्यंत बसले होते भरत. मग फाट्यापर्यंत पायी गेले, बूट हातात घेऊन. वाटेतल्या रेतीत बूट घालून चालवत नव्हतं त्यांना.”

“थोरली होती ही. सोपी.”

“मी नाही सांगितलं ते.” त्यांनी चादर काखेत धरली. “जाताना म्हणाले, मॅगझिन नवीन आहे, त्यामुळे जातं अवघड.”

“असेल,” मी म्हटलं, आणि उरलेली दोन भरली.